तळ्याकाठची निळी खुर्ची

१

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताई वाचनालयाच्या सभागृहात शिरल्या आणि त्यांची नजर सरळ मोकळ्या खिळ्यावर गेली. काल संध्याकाळी त्या खिळ्यावर त्यांच्या धाकट्या भावाचा सगळ्यांत देखणा फोटो टांगलेला होता. पिवळ्या फुलांचं शेत, त्याच्या कडेला हिरवा उंचवटा, मागे तळ्याची चकाकती रेघ आणि उंचवट्यावर एकटीच उभी असलेली एक निळी घडीची खुर्ची. आता तिथे नुसता खिळा होता. खालची ‘निळी खुर्ची’ ही पाटी मात्र इमानाने जागेवर होती.

“फोटो कुठाय?” ताईंनी विचारलं.

ग्रंथपालांनी चष्मा कपाळावर चढवला. “मला वाटलं, तुम्हीच काढलात. रात्री कुलूप मी लावलं, सकाळी मीच उघडलं. कुलपाला कुणाचा हात लागलेला नाही.”

“म्हणजे फोटो आपल्या पायांनी चालत गेला.”

“चार पाय होते खरे त्यात,” ग्रंथपाल बोलून गेले, आणि ही विनोदाची वेळ नाही हे कळल्यावर त्यांनी चष्मा परत नाकावर घेतला.

ताईंची सगळी नोकरी विमा कंपनीत झाली होती. ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे आणि धडक खरी की रचलेली ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. घरात कप फुटला तरी तो कुणाच्या हातून आणि कसा पडला हे त्या सांगायला लागत, आणि घरचे हळूच तिथून सटकत.

भावाला सगळे बाळच म्हणत. साठी उलटली, केस कापसासारखे झाले, तरी बाळ तो बाळच. आयुष्यभर त्याने एकच वेड जपलं. सुट्टीच्या दिवशी गाडी काढायची, आडरस्त्याला लागायचं, आणि शेतं, माळ, ओढे यांचे फोटो काढता काढता रस्त्याच्या कडेला काय अवचित सापडतं ते टिपायचं. कुठे बांधावर ठेवून दिलेला आरसा, कुठे झाडाच्या ढोलीत अडकलेली सायकल. त्याचा नियम एकच होता, वस्तूला हात लावायचा नाही. प्रदर्शनाचं नावही त्याने तेच ठेवलं होतं: ‘जसं सापडलं तसं’.

दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय गेल्यात जमा झाला आणि माणूस मिटून गेला. पुन्हा उघडला तो या फोटोंमुळे. हे सगळं ताईंना ठाऊक होतं, म्हणून त्याला ही बातमी सांगायला त्या स्वतःच गेल्या. वाचनालयाच्या मागच्या अंगणात पाहुण्यांच्या खोल्या होत्या, तिथे तो आणि त्याची बायको उतरले होते.

बाळने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ताई, बाकीचे सगळे गेले असते तरी चाललं असतं. तो फोटो काढला त्या दिवशी मला वाटलं, देव अजून माझ्यासाठी काहीतरी ठेवतोय. तेवढा शोधून दे.”

ताई परत सभागृहात आल्या तेव्हा ग्रंथपाल दारातच वाट बघत होते.

“एक सांगायचं राहिलं,” ते म्हणाले. “काल एक बाई त्या फोटोपुढे उभी राहून रडत होती. आपल्या पोस्टात असते.”

२

पोस्टातली बाई चाळिशी ओलांडलेली होती. जेवणाच्या सुट्टीत तिने खिडकीवर फळी ओढून घेतली आणि ताईंना आत, पार्सलांच्या खोलीत बसवलं.

“फोटो गेला?” तिच्या तोंडचं पाणी पळालं. “मी आज सुट्टीत तोच बघायला येणार होते. काल डोळे इतके भरून आले, की नीट बघताच आला नाही. तिथे फोटोवाले होते, त्यांच्या मिसेस होत्या, ते दातांचे डॉक्टर होते. सगळ्यांसमोर मी म्हटलं, उद्या येते, मला जवळून बघायचाय.”

“त्या फोटोत तुमचं काय आहे?”

“खुर्ची,” ती म्हणाली. “ती माझ्या बाबांची खुर्ची.”

बाबा रेल्वेत सिग्नलवर होते. निवृत्तीनंतर विसराळूपणा वाढला, पण फिरायचं वेड काही सुटलं नाही. गुडघे बोलायचे, म्हणून लेकीने हलकी घडीची खुर्ची आणून दिली होती. जातील तिथे ती काखेत. दमले की मांडायची, बसायचं, बघत राहायचं. लोक म्हणायचे, म्हातारा एक वेळ चपला विसरेल, पण खुर्ची नाही.

“गेल्या वर्षी एका शनिवारी आमचं भांडण झालं. कशावरून ते सांगायलाही लाज वाटते. मी जिभेला हाड नसल्यासारखी बोलले. ते म्हणाले, तुझं काही नको मला, तुझी खुर्चीसुद्धा नको. तरी जाताना काखेत घेऊनच गेले. मी म्हटलं, येतील संध्याकाळी. आले नाहीत. रविवारी संध्याकाळी पाऊस लागला, आणि त्या पावसात शोधणाऱ्यांना खुर्ची सापडली, लांब तळ्याकाठी. सगळा गाव तिकडे धावला. दोन दिवस तळ्यात गळ टाकले, पाणबुडे उतरवले.”

“आणि बाबा?”

“तळ्यात नव्हतेच हो. तळ्याच्या अगदी उलट्या दिशेला, इथे गावाच्या वरच्या अंगाला पांढऱ्या दगडाची जुनी खाण आहे, तिथे खाली पडले होते. बुधवारी एका गुराख्याला दिसले. बाहेर काढले तेव्हा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरेफटक झाले होते. पाय मोडला होता. डॉक्टर म्हणाले, मंगळवारपर्यंत तरी जिवंत असतील.”

तिने समोरच्या पार्सलाची सुटलेली दोरी घट्ट बांधली.

“लोक म्हणतात, कुणाच्या तरी टेम्पोत बसून तळ्यापर्यंत गेले आणि तसेच परत आले. पण मग खुर्ची तिथे का टाकली? मला विचाराल तर मला माहीत आहे. तुझी खुर्चीसुद्धा नको, म्हणाले होते ना? बोलले तसं केलं. मला टाकून गेले.” तिने पदराने डोळे पुसले. “मला फोटोत एवढंच बघायचं होतं ताई, की खुर्ची रागाने भिरकावलीय की नीट मांडलीय. तेवढं कळलं तरी माझं पुढचं आयुष्य निघेल.”

ताईंनी फोटो काल पाहिला होता. खुर्ची अगदी नीट मांडलेली होती. पण ते सांगायला त्यांची जीभ रेटेना. भांडून, दमून निघालेला म्हातारा खुर्ची इतकी देखणी मांडून का जाईल, हा किडा त्यांच्या डोक्यात शिरला होता.

३

दंतवैद्य सभागृहाच्या पायरीवर बसून सफरचंद खात होता. बाळचा जुना मित्र, स्वतःही फोटो काढणारा, आणि बाळपेक्षा आपण तसूभर सरस आहोत असं मनोमन मानणारा. अधूनमधून तोही रविवारच्या फेरीला असायचा, मागच्या सीटवर.

“माझ्यावर संशय घ्यायला आलात ना?” त्याने विचारलं. “घ्या. काल मी सगळ्यांदेखत म्हणालो, की ती खुर्ची पाहुणे यायच्या आधी मांडावी तशी मांडलेली दिसते. बाळला झोंबलं. पण मी त्याच्यावर जळतो, त्याचे फोटो चोरत नाही.”

“त्या रविवारी तू गाडीत होतास?”

“नव्हतो. असतो तरी काय दिसणार? मागच्या सीटवर बसलो की पहिल्या वळणाला माझा डोळा लागतो. मला उठवते ती बाळची आरोळी. ‘थांब, थांब!’ म्हणून ओरडतो. वहिनी गाडी थांबवतात, हा खिडकीवर वाळूची उशी ठेवतो, उशीवर कॅमेरा टेकवतो, आणि घेतो फोटो. दर खेपेला काहीतरी सापडतंच. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, अशातली गत.”

“इथे प्रदर्शन भरवायचं कुणी ठरवलं?”

“मी. हॉल फुकट मिळत होता. वहिनी मात्र नाही म्हणत होत्या. रस्ते खराब आहेत, बाळला हे गाव लांब पडेल, सतरा कारणं. आणि त्या फोटोलाही त्यांचा विरोध. म्हणाल्या, आधीच गर्दी झालीय. बाळने हट्ट धरला म्हणून लागला.”

ताईंनी मान हलवली आणि त्या ग्रंथपालांकडे वळल्या. सभागृहाला दार एकच होतं आणि काल पूर्ण वेळ ग्रंथपाल त्या दारात खुर्ची टाकून बसले होते. हातातल्या पर्सपेक्षा मोठी वस्तू घेऊन कुणी बाहेर पडलं नाही, हे ते शपथेवर सांगायला तयार होते. खिडक्यांपुढे पुस्तकांची कपाटं होती. आणि फोटो तर काचेच्या चौकटीसकट चांगला दोन हातांत धरावा लागेल एवढा मोठा.

“मग तो बाहेर गेलाच नाही,” ताई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“काखेत कळसा नि गावाला वळसा. चला, हात द्या जरा.”

फोटो ज्या उंच प्लायवूडच्या फळ्यांवर लावले होते, त्या भिंतीला टेकून तिरक्या उभ्या केलेल्या होत्या. मागे सांद उरली होती. ताई गुडघ्यांवर बसल्या आणि टॉर्च लावून एकेका फळीमागे डोकावत गेल्या. कोपऱ्यातल्या फळीमागे काच चमकली. चौकट शालीत नीट गुंडाळून ठेवलेली होती, ओरखडाही उठू नये अशी.

दंतवैद्य आ वासून बघत राहिला. त्याला आ वासलेले लोक बघायची सवय, स्वतः वासायची नाही. “मग चोरून उपयोग काय?”

“चोरायचा नव्हताच. त्या बाईच्या नजरेआड करायचा होता, तेवढंच. परक्या चोराने तो इथे ठेवला असता तर त्याला न्यायला परत यावं लागलं असतं. प्रदर्शन संपल्यावर या फळ्या हलवायला कोण येणार?”

“आम्हीच. मी, बाळ आणि...” दंतवैद्याने वाक्य तिथेच गिळलं.

४

ताईंनी फोटो उजेडात नेला आणि भिंग लावलं.

आधी त्यांनी खुर्चीचे पाय पाहिले. शेतातली काळी भुसभुशीत माती, तिच्यावर ओलं गवत. त्यावर कुणी क्षणभर जरी बसलं असतं तरी पाय रुतले असते. इथे चारही पाय गवतावर अलगद टेकलेले होते. म्हणजे त्या उंचवट्यावर म्हातारा कधी बसलाच नव्हता.

मग त्यांचं भिंग पायांच्या टोकांवर थांबलं. काळ्या मातीत उभ्या असलेल्या खुर्चीचे पाय बोटभर उंचीपर्यंत पांढरे होते. पिठात बुडवल्यासारखे पांढरे.

ताईंना पार्सलांच्या खोलीत ऐकलेली पांढऱ्या दगडाची खाण आठवली. म्हातारा खुर्ची घेऊन तळ्याकाठी गेलाच नव्हता. ती खाणीवरून तळ्याकाठी आली होती. रविवारच्या संध्याकाळच्या पावसाने पांढरी धूळ धुतली गेली आणि शोधणाऱ्यांच्या हाती आली ती स्वच्छ खुर्ची. धुळीची साक्ष उरली होती फक्त या फोटोत, कारण हा पावसाच्या आधी, सकाळी काढलेला.

पण आणली कुणी? बाळला बांध चढायचा तर सोडाच, आधाराशिवाय गाडीतून उतरताही येत नव्हतं.

ताई सभागृहभर फिरल्या. आजाराच्या आधीचे फोटो एका भिंतीला होते, नंतरचे दुसऱ्या. आधीच्या फोटोंत वस्तू गंजलेल्या, गवताने वेढलेल्या, अर्ध्या मातीत गेलेल्या. निम्म्या फोटोंत पुढे डांबरी रस्ता दिसत होता, कारण वस्तू रस्त्याच्या पलीकडे होती आणि बाळने अलीकडून टिपली होती. नंतरच्या फोटोंत शिवणयंत्राचा सांगाडा, पितळी घंटा, झाडाला टांगलेली लाल बादली. सगळ्यांचं तोंड रस्त्याकडे. आणि एकाही फोटोत पुढे डांबर नव्हतं. गवत थेट खिडकीपासून सुरू होत होतं.

रस्त्याला बाजू दोन. नशिबाला डावं-उजवं कळत नाही. पण बाळ आता डाव्या सीटवर बसतो, त्याला डाव्याच खिडकीतून फोटो काढता येतो, आणि झटक्यानंतर त्याला जे जे सापडलं ते सगळं डावीकडेच सापडलं होतं.

ताई तिथल्याच बाकावर बसल्या. खुर्ची एकटी नव्हती. सापडलेलं काहीच सापडलेलं नव्हतं.

५

“फोटो मिळाला?” बाळने विचारलं. तो खोलीच्या दारात, कडुलिंबाच्या सावलीत बसला होता.

“मिळेल. मला एक सांग, रविवारी कुठल्या रस्त्याला जायचं हे कोण ठरवतं?”

“कुणीच नाही, हीच तर मजा आहे!” त्याचा चेहरा उजळला. बोलताना जीभ अजून थोडी अडखळायची. “गाडी नेईल तिकडे. ही विचारते, वळू का? मी म्हणतो, वळ. कधी म्हणते, आज सरळच जाऊ.”

“नाही वळायचं, असं तू कधी म्हणतोस?”

तो हसला. “कशाला म्हणू? तिचा पायगुण चांगला आहे.”

“आणि शनिवारी काय करता?”

“शनिवारी ही बाजारहाट करायला जाते गाडी घेऊन. दुपारी जाते ती दिवेलागणीला येते. मी म्हणतो, एवढा वेळ काय बाजार विकत घेतेस की काय. चार जुड्या भाजी घेऊन येते नुसती.” तो बोलता बोलता थांबला. लहानपणी ताई कुणाचं खोटं पकडायच्या तेव्हा त्यांचा चेहरा कसा व्हायचा हे त्याला चांगलं ठाऊक होतं. “ताई, काय झालंय?”

“काही नाही. बस तू,” ताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

६

भावजय आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. ताईंनी दार लोटून घेतलं. आयुष्यभर अपघातांच्या चौकशा केल्या, पण घरच्या माणसाची कधी केली नव्हती.

“खाणीवर खुर्ची कुठे होती गं?”

भावजयीच्या हातातली घडी मोडली. तिने नाही म्हटलं नाही. उलट, खूप दिवस डोक्यावर घेतलेलं ओझं कुणीतरी उतरवायला आलं असावं तशी ती पलंगाच्या कडेवर बसली.

“झटक्यानंतर हे भिंतीकडे तोंड करून पडून असायचे,” ती म्हणाली. “जेवण नको, बोलणं नको. डॉक्टर म्हणाले, बाहेर न्या. नेलं. दोन-तीनदा नेलं, रस्त्यात काही दिसेना. म्हणाले, आता मला काही सापडणार नाही, संपलं माझं. मग मी माळ्यावरचा शिवणयंत्राचा सांगाडा एका शनिवारी वळणावर नेऊन ठेवला. रविवारी तिथून गेलो आणि हे ओरडले, ‘थांब, थांब!’ ताई, झटक्यानंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडून स्पष्ट शब्द आला तो हाच. मी गाडी थांबवली आणि स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडले. म्हणाले, अगं रडतेस काय, वाळूची उशी दे.”

“आणि मग दर शनिवारी.”

“दर शनिवारी. त्या शनिवारी माझ्याकडे ठेवायला काही नव्हतं. भटकत भटकत इतक्या लांब आले. खाणीच्या रस्त्याला ती खुर्ची दिसली. आजूबाजूला चिटपाखरू नाही. मी हाक मारली ताई, खरंच मारली. कुणी ओ दिली नाही. वाटलं, कुणीतरी टाकून दिलीय.” तिने तोंडावर हात दाबला. “खाली माणूस असेल असं मनातसुद्धा आलं नाही.”

ताईंनी पुढचा प्रश्न विचारला नसता तर बरं झालं असतं. पण अर्धी चौकशी त्यांना कधी जमली नाही. “तुला कळलं कधी?”

“सोमवारी. पेट्रोल पंपावर लोक बोलत होते. तळ्याकाठी म्हाताऱ्याची खुर्ची सापडली, पाणबुडे उतरलेत.” तिचा आवाज खाली खाली जात होता. “मंगळवारी मी गाडी घेऊन इथे आले. चौकीच्या पायऱ्या चढले. आणि डोळ्यांपुढे हे आले. आदल्याच दिवशी स्टुडिओतून त्या फोटोची प्रत आली होती, ती उशाशी घेऊन झोपले होते. मी सांगितलं असतं तर पोलीस घरी आले असते, ह्यांना सगळंच कळलं असतं. मी पायऱ्या उतरले. म्हटलं, पोलीस शोधतायत ना, त्यांना सापडेल. बुधवारी सापडले.”

ताईंना तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तिच्या थोबाडीत मारावीशीही वाटली. त्यांनी दोन्ही केलं नाही.

दार करकरलं. दारात बाळ उभा होता, दोन्ही हातांनी चौकट धरून. अंगणातून दारापर्यंत तो एकट्याने कसा आला, त्याचं त्यालाच ठाऊक.

“घंटापण?” त्याने विचारलं.

“हो,” भावजय म्हणाली.

“लाल बादली?”

“ती पण.”

बाळने मान खाली घातली. ताईंना वाटलं, आता हा कोसळणार. पण तो म्हणाला, “माझ्या रविवारसाठी एक माणूस तीन दिवस खाली पडून होता.” मग बायकोकडे बघत, अडखळत, “त्या बाईला आज सांगायचं. मलाही घेऊन चल.”

७

पोस्ट बंद झाल्यावर ते तिच्या घरी गेले. भावजयीने सगळं सांगितलं, काही न गाळता. पोस्टातली बाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि शेवटपर्यंत बसली नाही.

“मंगळवारी तुम्ही चौकीच्या पायऱ्या चढलात,” तिने विचारलं.

“हो.”

“आणि उतरलात.”

“हो.”

ती रडली नाही, ओरडलीही नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर ऐकणं सोपं गेलं असतं. “तुमचं काय करायचं ते मला आज कळत नाही,” ती म्हणाली. “उद्या कळलं तर चौकीत जाईन.”

“मी स्वतःच येईन,” भावजय म्हणाली.

“ते नंतर. आधी मला ती जागा दाखवा. आत्ताच्या आत्ता, उजेड आहे तोवर.”

बाळने पुढची डावी सीट तिला दिली. ताईंनी त्याला आधार देऊन मागे बसवलं. रस्ता गावाबाहेर पडून वर चढायला लागला तसा पांढरा होत गेला. खाणीजवळ भावजयीने गाडी थांबवली आणि रस्त्यापासून थोडं आत, झुडपांच्या अलीकडे एका सपाट दगडाशी जाऊन उभी राहिली. झुडपांपलीकडे जमीन एकदम संपत होती.

“इथे होती. घडी उलगडलेली, नीट मांडलेली.”

“म्हणजे टाकली नव्हती.”

“नाही. बसलेला माणूस जरा उठून जातो, तशी होती.”

पोस्टातल्या बाईने डोळे मिटून घेतले. मग उघडून विचारलं, “तोंड कुठे होतं?”

“रस्त्याकडे पाठ. तोंड तिकडे.” भावजयीने उताराकडे हात केला. “मला पक्कं आठवतं, कारण मी मागे उभी राहून बघितलं होतं. आधी वाटलं, इथेच राहू द्यावी. पण इथे फोटो चांगला आला नसता. पुढे बघण्यासारखं काही नव्हतं. नुसती घरं.”

पोस्टातली बाई त्या जागेवर जमिनीवरच बसली. साडी धुळीने पांढरी झाली तरी तिला त्याचं भान नव्हतं. खाली मावळतीच्या उन्हात गावाची छपरं पसरली होती. गाडीत बाळने कॅमेऱ्याला हात लावला नाही. बराच वेळ ती एकेक घर बघत राहिली, आणि मग तिने हळूच बोट उचललं.

“ती कोपऱ्यातली गच्ची दिसते का? दोरीवर चादर वाळतेय ती?”

ताई तिच्याजवळ वाकल्या. “दिसते.”

“सकाळी मीच वाळत घातलीय,” ती म्हणाली. “ते आमचं घर.”